झाडाखालचा दवाखाना आणि सरकारी रजिस्टर

तुर्भ्याच्या झोपडपट्टीत, दिघ्याच्या चाळींत किंवा कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत कधीतरी सकाळच्या वेळी दारावर दोघं जण येतात. एक आशाताई, दुसरा पुरुष स्वयंसेवक. हातात कार्ड, खांद्याला पिशवी. घरात माणसं किती, कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, त्या जागी स्पर्श कळतो का, हाताच्या बोटांना मुंग्या येतात का, चालता चालता पायातली चप्पल नकळत निसटते का, असं ते विचारतात. बायकांची तपासणी आशाताई करते, पुरुषांची तो स्वयंसेवक. मग दारावर खूण करून दोघं पुढच्या घरी जातात. चौदा दिवसांची ही कुष्ठरुग्ण शोधमोहीम राज्यात ठिकठिकाणी होते आणि गेली काही वर्षं तिला क्षयरोगाच्या शोधाचीही जोड दिलेली आहे. टॉवरच्या फाटकावर वॉचमन या जोडीला अडवतो हा भाग वेगळा. जंतूला फाटक कळत नाही, वॉचमनला ते कोण सांगणार.

नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. महापालिका अस्तित्वात आली १ जानेवारी १९९२ रोजी. इतकं हे शहर नवं आहे, पण दारोदार जाऊन कुष्ठरुग्ण शोधण्याची ही रीत शहराहून वयानं बरीच मोठी आहे. ती कुठल्या मंत्रालयाच्या फायलीत जन्मली नाही. ती वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत, एका स्वयंसेवी संस्थेनं, सरकारनं मागितलेली नसताना बसवली. पुढं सरकारनं ती उचलली आणि देशभर नेली. गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन हे त्या संस्थेचं नाव. वर्ध्याच्या हिंदीनगरात तिचं मुख्यालय आहे. सरकार आणि संस्था यांच्या भागीदारीवर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. ती भागीदारी प्रत्यक्षात कशी चालते, कुठं फळते आणि कुठं एका बाजूला कलंडते, हे पाहायचं तर या संस्थेची वाटचाल पाहावी.

तिच्याआधीही कुष्ठसेवा होती, तिची तऱ्हा मात्र निराळी. मुंबईत १८९० साली माटुंगा-वडाळ्याकडे बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा राहिला. तो उभारणारे महापालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ यांनी त्यासाठी लोकवर्गणी गोळा केली होती. आज त्यांच्याच नावानं ओळखलं जाणारं रुग्णालय तिथं आहे. (मराठी वाचकाला हे नाव दुसरीकडेही भेटलेलं असतं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठ्यांचे पोवाडे जमवून छापणारे ॲकवर्थ ते हेच. रस्त्यावरचे शाहीर आणि रस्त्यावरचे रुग्ण, दोघांकडेही एकाच अधिकाऱ्याचं लक्ष जावं, हे मला त्या काळातल्या नोकरशाहीबद्दल बरंच काही सांगून जातं.) त्यानंतर १८९८ चा कायदा आला. भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार त्यानं सरकारला दिला. दान लोकांचं, भिंत सरकारची आणि आत रुग्ण, अशी ती पहिली भागीदारी म्हणायची. रुग्ण नजरेआड झाला की दोन्ही भागीदारांचं समाधान होई.

वर्ध्यात याहून वेगळं काही घडत होतं. विनोबांच्या प्रेरणेनं मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. पुढं तिशीच्या दशकाच्या अखेरीस परचुरेशास्त्री सेवाग्रामात आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सोबती, आणि आता कुष्ठानं ग्रासलेले. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधवली आणि स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या. ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यापेक्षा कमी माहीत असलेली गोष्ट अशी की विधायक कार्यक्रमाच्या यादीत गांधीजींनी खादी, ग्रामोद्योग, नई तालीम यांच्या जोडीला कुष्ठरुग्णांची सेवा हे स्वतंत्र कलम घातलं. त्यामुळे त्यांच्या मृत्यूनंतर गांधी स्मारक निधी गोळा झाला तेव्हा त्यातला काही पैसा पुतळ्यांकडे न जाता या कामाकडे वळला, आणि १९५१ मध्ये फाउंडेशनचं काम सुरू झालं.

त्याच वर्षी शेजारच्या चांदा जिल्ह्यात, वरोऱ्याच्या खडकाळ रानात, बाबा आमटे आनंदवनाची जमीन फोडत होते. बाबांचं कुष्ठकामातलं शिक्षणही दत्तपूरच्या वाटेनंच झालेलं. एकाच भूमीतून एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेला गेल्या. घरानं टाकलेल्या माणसाला आनंदवनानं नवं गाव दिलं. फाउंडेशनचं म्हणणं असं की माणसाला घरानं टाकण्याची वेळच येऊ नये. मराठी मनाला पहिली वाट जास्त भावली, तिच्यावर पुस्तकं निघाली, सहली गेल्या. दुसऱ्या वाटेवर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. सायकली, रजिस्टरं आणि गोळ्यांचे डबे. तरीही रुग्णांच्या संख्येच्या हिशेबानं पाहिलं तर दुसरी वाट फार लांबवर पोचली, असं माझं मत आहे. त्यानं पहिलीचं मोल उणं होत नाही.

फाउंडेशनच्या कामाला वैज्ञानिक शिस्त लावली डॉ. आर. व्ही. वारदेकर यांनी. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. देशात कुष्ठरुग्ण लाखांनी आहेत, आश्रमांतल्या खाटा हजारांनी. आश्रम कितीही बांधले तरी हा हिशेब जुळणार नाही. शिवाय आश्रमात येतो कोण? बोटं झडलेला, नाक बसलेला, घराबाहेर काढलेला माणूस. म्हणजे रोगानं आपलं काम उरकल्यावर. ज्याच्या पाठीवर नुकता रुपयाएवढा चट्टा उठलाय तो येत नाही. त्याला यायचं कारणच नसतं, कारण तो चट्टा दुखत नाही, खाजत नाही, ताप आणत नाही. कुष्ठरोगाची सगळी लबाडी या न दुखण्यात आहे. त्याचा जंतू अतिशय आळशी आहे, एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. दुखत नाही म्हणून रुग्ण दवाखान्यात जात नाही, तेव्हा दवाखान्यानंच रुग्णाकडे जायचं, हा निष्कर्ष आज सोपा वाटतो. १९५१ साली तो सोपा नव्हता.

तो शक्य झाला एका गोळीमुळे. तोवर कुष्ठावर चालमोगरा तेलाची इंजेक्शनं देत. ती वेदनादायक होती आणि गुण यथातथाच. १९४१ मध्ये अमेरिकेत कारव्हिल इथं सल्फोन औषधांचा उपयोग दिसला, आणि चाळिशीच्या अखेरीस तोंडानं घ्यायची डॅप्सोनची गोळी वापरात आली. स्वस्त, साठवायला सोपी, खेड्यातल्या माणसाला घरी बसून घेता येईल अशी. तिनं रुग्ण बरा होतोच, शिवाय त्याची लागण पसरवण्याची ताकद कमी होते. मग सगळ्या गावातले सगळे रुग्ण शोधून सगळ्यांना गोळी दिली तर गावातली साखळीच तुटेल का? फाउंडेशननं हा प्रयोग सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत मांडला, आणि मग इतर राज्यांतल्या केंद्रांतही, म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरला, आंध्रातल्या चिलकलपल्लीला.

या पद्धतीला पुढं इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सेट’ असं नाव पडलं. पाहणी, शिक्षण आणि उपचार. कागदावर तीन शब्द. प्रत्यक्षात प्रत्येक शब्दामागं वर्षांची मेहनत.

पाहणी म्हणजे शिरगणती नव्हे. माणसाला भरपूर उजेडात उभं करून पाठ, कुल्ले, मांड्या, चेहरा, कानाच्या पाळ्या सगळं पाहायचं. चट्टा दिसला तर रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसानं किंवा पेनाच्या टोकानं स्पर्श करायचा आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. बोट भलतीकडे गेलं किंवा हललंच नाही, तर जागा बधीर आहे. मग कोपराच्या आतल्या बाजूची शीर चाचपायची, तीच, जिच्यावर दाराची चौकट आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ती जाड झाली आहे का? हे पन्नासच्या दशकात वर्ध्याच्या खेड्यात करायचं म्हणजे पुरुष पहाटे शेतावर गेलेले, बायका परक्या पुरुषापुढं पदर सरकवणार नाहीत, आणि सासू दारातच सांगणार की आमच्याकडे असलं काही नाही. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर मग विचारूच नका. म्हणून कार्यकर्त्याला त्याच गावात पुनःपुन्हा जावं लागे. घरटी कार्ड ठेवावं लागे आणि न सापडलेल्या माणसांसाठी परत फेरी मारावी लागे. शाळेतली मुलं मात्र एका जागी सापडत, तेव्हा शाळातपासणी हा पाहणीचा मोठा आधार ठरला.

शिक्षणाचा अर्थही भिंतीवर घोषणा रंगवणं असा नव्हता. रोग देवाचा कोप नाही, आनुवंशिक नाही, बहुतेकांच्या अंगात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती असतेच, गोळी घेणाऱ्यापासून भय नाही, हे पाटलापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांना सांगायचं आणि पुनःपुन्हा सांगायचं. फाउंडेशननं आरोग्यशिक्षणाचा वेगळा विभागच केला. मला या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. सरकारी कार्यक्रमात पुढं सगळ्यात आधी आटला तोही हाच, कारण गोळ्या मोजता येतात, बदललेली समजूत मोजता येत नाही.

उपचार झाडाखाली होई. ठरलेल्या वारी, ठरलेल्या झाडाखाली टेबल मांडायचं. रुग्ण येणार, गोळ्या घेणार, कार्यकर्ता हातपाय पाहून कार्डावर खूण करणार. न आलेल्याच्या घरी जायचं. हा कार्यकर्ता डॉक्टर नव्हता, आणि ही युक्ती फाउंडेशनची. डॉक्टरांची वाट पाहत बसलं तर काम कधीच होणार नाही, तेव्हा शालेय शिक्षण झालेल्या तरुणाला काही महिने कसून शिकवायचं आणि त्याच्या हाती वीस-पंचवीस हजार वस्तीचा टापू द्यायचा. महाराष्ट्रात पुढं याच माणसाला सरकारी हुद्दा मिळाला, अवैद्यकीय सहायक. नावात ‘अ’ आहे, पण टापूतल्या प्रत्येक रुग्णाचं कार्ड ज्याच्या ध्यानात असे असा माणूस आरोग्यखात्यात दुसरा क्वचितच होता.

आता सरकारची बाजू. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस, १९५४-५५ मध्ये, राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानं पाहणी-शिक्षण-उपचार हाच सांगाडा स्वीकारला. आश्रमांचं जाळं वाढवण्याचा मोह तेव्हा मोठा होता, कारण इमारतीचं उद्घाटन करता येतं. तो बाजूला ठेवून सायकलवरच्या कार्यकर्त्यावर पैसा लावणं हा धाडसी निर्णय होता. त्याचं श्रेय सरकारला द्यायलाच हवं. सरकारचे कर्मचारी शिकवून देण्याचं काम फाउंडेशननं अंगावर घेतलं. जिथं सरकारचं केंद्र नाही तिथं स्वयंसेवी संस्थेनं टापू घ्यावा आणि सरकारनं अनुदान द्यावं, अशी योजना आली. मिशनरी दवाखाने, गांधीवादी आश्रम, नंतर शहरातल्या संस्था अशा कितीतरी जणांनी नकाशावरचा एकेक तुकडा वाटून घेतला.

वाटणीत शहाणपण होतं. एका टापूत दोन रजिस्टरं नकोत, एका रुग्णाचं दोनदा नाव नको. त्यात अडचणही होती. अनुदानावर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या हिशेबनिसाला विचारा, तो सांगेल की पैशापाठोपाठ नमुने येतात आणि नमुन्यांपाठोपाठ उद्दिष्टं. यंदा किती तपासले, किती सापडले, किती टक्के नियमित. हळूहळू संस्था सरकारच्या रकान्यांत विचार करू लागते. फाउंडेशन त्यातून बरंच सुटलं याचं कारण त्याच्यामागं निधीचा स्वतःचा पैसा होता. नाही म्हणायची ऐपत असलेला भागीदारच खरा भागीदार असतो. बाकीच्यांना बहुधा कंत्राटदाराची जागा मिळते.

सत्तरीच्या दशकात डॅप्सोन हरू लागली. तिला दाद न देणारे जंतू १९६४ मध्येच सिद्ध झाले होते, आणि एकच औषध वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर घ्यायला लावण्याची ती किंमत होती. १९८१ मध्ये केंद्रानं डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. जागतिक आरोग्य संघटनेनं रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. १९८३ मध्ये कार्यक्रमाच्या नावातला ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. नवा बहुविध औषधोपचार देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत बंगालमधला पुरुलिया होता आणि आपला वर्धा. हा योगायोग नव्हे. तिथं तीस वर्षांची कार्डं तयार होती. कोण रुग्ण, कुठल्या प्रकारचा, कुठं राहतो, हे ठाऊक असल्याखेरीज महिन्यातून एकदा समोर उभं करून गोळी गिळायला लावणारा उपचार चालवताच येत नाही. नंतर जागतिक बँकेचं कर्ज आलं, जिल्हा कुष्ठ सोसायट्या आल्या, गोळ्यांची रंगीत पाकिटं फुकट मिळू लागली. कमी जंतूंच्या रुग्णाला सहा महिने, जास्त जंतूंच्या रुग्णाला पुढं वर्षभर. ज्या रोगाच्या नावानं माणसं नदीत उडी टाकत, तो बारा पाकिटांत बरा होऊ लागला.

एव्हाना कुष्ठरोग गावाकडून शहरात आलेला होता, रोजगाराच्या मागं. मुंबईत डॉ. आर. गणपती यांनी १९७६ मध्ये बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट सुरू केला. दोन वर्षांनी ॲलर्ट-इंडिया आली, जिचं काम मुंबईच्या उपनगरांपासून खाडी ओलांडून ठाणे-नवी मुंबईपर्यंत गेलं. वर्ध्याची पद्धत इथं जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. खेड्यात घर जागेवर असतं, माणूस संध्याकाळी परत येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात दगडखाणी, रासायनिक कारखाने, बाजार समितीतली हमाली आणि नव्या शहराची अखंड चाललेली बांधकामं. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, तेलंगणातून आलेला मजूर इथं सहा महिने, मग उलव्याला, मग पुण्याला. बारा महिन्यांचा उपचार तो कुठं पुरा करणार? त्यामुळे संस्थांनी झोपडपट्टीतल्या पोरांनाच हाताशी धरलं, खासगी डॉक्टरांना गाठलं आणि महापालिकांच्या रुग्णालयांतल्या त्वचारोग विभागांशी दुवा जोडला. पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचं काम जुन्या आश्रमी परंपरेतलं, उद्योग आणि निवारा देणारं. एका तासाच्या अंतरावर, एकाच रोगासाठी, अशी दोन तऱ्हेची कामं चालत होती.

डिसेंबर २००५ मध्ये भारतानं उद्दिष्ट गाठलं. १९८३ मध्ये दर दहा हजार लोकांमागं सत्तावन्नहून अधिक रुग्ण होते, ते प्रमाण एकाच्या खाली आलं. पेढे वाटण्यासारखीच गोष्ट होती. पण हा आकडा काय मोजतो ते नीट पाहायला हवं. तो मोजतो त्या दिवशी रजिस्टरवर औषध चालू असलेले रुग्ण. पाकिटं संपली की नाव वगळलं जातं. जास्त जंतूंच्या रुग्णाचा उपचार नव्वदीच्या अखेरीस चोवीस महिन्यांवरून बारावर आला तेव्हा एकही रुग्ण कमी न होता त्या गटातली रजिस्टरवरची नावं जवळजवळ निम्मी झाली. वैद्यकीय कारणं त्याला होती, ती खोटी नव्हेत. गणित मात्र गणितच राहतं. आणि ज्याची बोटं वाकून पंजा झालाय, ज्याच्या तळपायाला भरून न येणारं क्षत आहे, ज्याची पापणी मिटत नाही, तो जंतूंच्या हिशेबानं बरा आहे. त्याचं नाव या आकड्यात कुठंच नाही.

उद्दिष्ट गाठल्यावर जे व्हायचं ते झालं. त्याआधीच कुष्ठरोगाचं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन करायला सुरुवात झाली होती. तत्त्व उत्तम होतं. कुष्ठरुग्णाला वेगळं दार कशाला, तापाच्या रुग्णासारखंच त्यानंही प्राथमिक आरोग्य केंद्रात यावं. पण रानोमाळ फिरणारे अवैद्यकीय सहायक दुसऱ्या कामांत गेले किंवा निवृत्त झाले, दारोदारची पाहणी थांबली, संस्थांच्या टापूंची योजना गुंडाळून अनुदानाचं स्वरूप बदललं. शिरेचा जाडपणा बोटांनी ओळखणारी पिढी घरी गेली. नव्या रुग्णांची संख्या पुढची अनेक वर्षं फारशी हलली नाही. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात. शेवटी २०१६ मध्ये सरकारनं पुन्हा दारोदार शोधमोहीम सुरू केली. नवी मुंबईच्या चाळीत येणारी ती जोडी या मोहिमेतली. म्हणजे जी गोष्ट १९५१ मध्ये संस्थेनं सरकारला शिकवली, ती सरकारनं मध्येच सोडली आणि दहा वर्षांनी पुन्हा शिकली. फरक इतकाच की यावेळी कार्ड भरणारी आशाताई बारा महिने त्या टापूत असली तरी तिच्या पिशवीत कुष्ठाखेरीज लसीकरण, गरोदरपण, क्षय, मधुमेह असं सगळंच कोंबलेलं असतं.

फाउंडेशननं काय केलं? बरीच केंद्रं सरकारच्या हवाली केली. आपण उभं केलेलं काम दुसऱ्याच्या हाती देऊन टाकणं महाराष्ट्रातल्या संस्थांना सहसा जमत नाही. इमारत, विश्वस्त, संस्थापकांचं तैलचित्र यांत जीव अडकतो. फाउंडेशनचा पिंडच प्रयोग करून सोपवण्याचा, त्यामुळे तिला ते जमलं. १९८६ पासून ती देत असलेला आंतरराष्ट्रीय गांधी पुरस्कारही कुष्ठकामातल्या इतरांच्या गौरवासाठी आहे. पण सोपवलेलं सगळंच घेतलं जात नाही. औषध, आकडे आणि मोहीम सरकारनं घेतली. मागं राहिली ती विकृती, आणि तिच्यासोबत येणारं बेकारपण आणि घरातलं वेगळं ताट.

इथं कुष्ठरोग हा आरोग्याचा प्रश्न उरत नाही, तो दिव्यांगांचा प्रश्न होतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी चाळिशीच्या अखेरीस दाखवून दिलं होतं की बोटं रोगानं झडत नाहीत. बधिरतेमुळे भाजतात, कापतात, पायात खिळा घुसलेला कळत नाही आणि जखम चिघळत जाते. स्नायूंच्या दोऱ्या बदलून वाकलेला पंजा उघडता येतो. मऊ रबराच्या तळव्याची, एमसीआर नावानं ओळखली जाणारी चप्पल पायाचं क्षत टाळते. रोज हातपाय पाण्यात भिजवून, तेल लावून, आरशात तळवा पाहणं हा उपचाराचाच भाग आहे. शस्त्रक्रिया, चपला, भरपाई हे सारं सरकारी कार्यक्रमात आहे. पण वाकलेल्या हाताच्या मजुराला शस्त्रक्रियेसाठी राजी करायला, त्याआधी आणि नंतर महिनोन्महिने त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायला, मालकाशी बोलायला माणूस लागतो. तो माणूस बहुधा संस्थेचा असतो.

कायद्यानं उशिरा का होईना साथ दिली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत कुष्ठमुक्त व्यक्ती होती, २०१६ च्या नव्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही आहे. १८९८ चा तो पकडून ठेवणारा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून पाचेक वैयक्तिक कायद्यांत बसलेलं होतं, ते २०१९ मध्ये निघालं. म्हणजे ज्या रोगावर १९८३ पासून खात्रीचा इलाज होता, त्याच्या नावावर नवरा-बायकोला पुढं छत्तीस वर्षं काडीमोड मिळू शकत होता.

दिव्यांग प्रमाणपत्र आता ऑनलाइन अर्ज करून मिळतं. आधार लागतं, मोबाइल लागतो, ओटीपी लागतो, आणि आधारसाठी बोटांचे ठसे लागतात. झिजलेल्या बोटांच्या माणसाला यंत्र ओळखत नाही. डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा सवलतीच्या तरतुदीनं वाट निघते, पण ती वाट माहीत असलेला कुणीतरी सोबत हवा. वाशीतलं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी नवी मुंबई महापालिका स्वतः चालवते, आणि महापालिकेनं मनावर घेतलं तर काय होऊ शकतं याचा तो चांगला नमुना आहे. कुष्ठानं आलेलं अपंगत्व मात्र बहुधा प्रौढ, कमावत्या, परगावच्या माणसाचं असतं. शाळेच्या दारातून ते आत येत नाही. आरोग्य विभाग म्हणतो औषध संपलं, समाजकल्याण विचारतो रहिवासी दाखला कुठाय.

३० जानेवारी २०२३ रोजी केंद्रानं २०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार थांबवण्याचा आराखडा जाहीर केला. घरातल्या आणि निकटच्या माणसांना रिफॅम्पिसिनचा एक डोस द्यायचा, हे त्यातलं मुख्य हत्यार. त्यासाठी रुग्णाला आपल्या निकटवर्तीयांची नावं सांगावी लागतात, आणि भाड्याच्या खोलीत आठ जणांबरोबर राहणारा खाणमजूर ती नावं कुणाला सांगेल, हा प्रश्न वारदेकरांच्या काळातल्या दारातल्या सासूइतकाच जुना आहे. त्याचं उत्तर शोधायला एखाद्या संस्थेला दोन-तीन वस्त्यांत दोन-तीन वर्षं मोकळीक द्यावी लागेल, उद्दिष्टाचा रकाना न लावता.

दरम्यान एमसीआर चपलांचा एक जोड साधारण सहा महिने टिकतो. खाणीत तितकाही नाही. वर्षाला दोन जोड मिळण्याची सोय कार्यक्रमात आहे, आणि पायाचं माप घ्यायला मात्र दर वेळी कुणीतरी वस्तीत जावंच लागतं.